जावईबापूंच्या पतंगाचे दोन दोरे

आधी वहिनींचं सांगतो, पतंगाचं मागाहून.

वहिनी म्हणजे नाशकात मखमलाबादच्या अंगाला ज्यांच्या मळ्यात मी खोली घेऊन राहत होतो, त्या घरची थोरली सून. नात्यागोत्याने माझी कुणी नाही. त्या फुलांच्या घरातल्या, मी चंद्रपूरकडच्या धानाच्या गावातला. पण नाशकात माझे पाय टेकले ते त्यांच्यामुळे. हे मी त्यांना तोंडावर सांगायला गेलो तर त्या म्हणतील, "झालं का सुरू भाऊजींचं? चहा घ्या आधी." म्हणून इथे लिहितो. इथे त्यांना मध्ये बोलता येणार नाही.

नववीत माझी शाळा सुटली. गावचा एक जण सातपूरला कारखान्यात होता, त्याच्या भरवशावर मी नाशकात आलो, आणि मी आलो त्याच महिन्यात तो पुण्याला निघून गेला. मला बॅगा शिवायच्या एका कारखान्यात काम लागलं. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, त्यांचे पट्टे, चेन. काम आवडायचं. राहायचं मात्र कुठे जमेना. एका खोलीत आम्ही इतके जण झोपायचो की कूस बदलायची तर सगळ्यांनी ठरवून बदलावी लागे. शेवटी कारखान्याच्या मालकांच्या ओळखीने या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला लागून असलेली एक खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर शेवंती. पहिल्या दिवशी मी दार लावून आत नुसता बसून राहिलो. गाव सोडल्यापासून तेवढी जागा मला एकट्याला कधी मिळालीच नव्हती.

घरचे कर्ते आबा, म्हणजे वहिनींचे सासरे. खोली देतानाच ते म्हणाले होते, "संक्रांतीपर्यंत राहा. मग मला ठिबकच्या नळ्या ठेवायला खोली लागंल. तवा बघू."

"बघू" हा शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगू नये. दिवाळीपासून मी तो उशाशी घेऊन झोपत होतो. ही खोली गेली तर पुन्हा त्या कूस बदलायच्या खोलीत जायचं, आणि तिथे मी फार दिवस टिकणार नाही हे मला माहीत होतं. मग मनमाडवरून जाणारी गाडी धरायची आणि गावात उतरायचं. बाबा काही बोलले नसते. त्यांनी नुसतं बाजेवर सरकून मला जागा करून दिली असती. तेच मला नको होतं.

मी मुळातच धास्तावलेला माणूस. कुलूप लावून फाटकापर्यंत गेलो की परत येऊन ते ओढून बघायचो. वहिनी झेंडू तोडता तोडता लांबून ओरडायच्या, "लागलंय हो भाऊजी! म्या बघितलं!"

आता पतंगाचं.

आबांचा देवाखालोखाल कशावर जीव असेल तर मांज्यावर. थंडी पडली की मळ्याच्या मागे चुलीवर सरस शिजायला लागायचा. त्याचा वास इतका की शेजारच्या द्राक्षबागेतले मजूर नाकाला फडकं बांधून छाटणी करायचे. मग त्यात कुटून वस्त्रगाळ केलेली काच, रंग, आणि आबांचं एक गुपित, जे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणजे साबुदाण्याची खळ. दोन कडुनिंबांमध्ये दोरा ताणून आबा त्यावरून लगद्याचा हात फिरवत जायचे. वाळलेला मांजा आसारीवर चढायचा. आसारी म्हणजे दोरा गुंडाळायचं ते लाकडी रीळ. आमच्याकडे त्याला चक्री म्हणतात, हे मी एकदाच बोललो.

"मग पतंगाला काय म्हंत्यात तुमच्याकडं? कबूतर?" आबा म्हणाले.

तेव्हा मांज्याचं कुणाला काही वाटत नसे. पक्ष्यांचं आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्याचं बोलणं नंतर सुरू झालं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, पण ते बोलणं सुरू व्हायच्या आधीची.

त्या वर्षी आबांच्या धाकट्या मुलीची, वहिनींच्या नणंदेची, लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. जावईबापू इंजिनियर. लग्नानंतर कंपनीने त्यांना काही महिने जर्मनीला पाठवलं होतं, ते नुकतेच परतले होते. उंच, सडसडीत आणि इतके शांत की घरात आहेत की नाहीत ते चपला बघून कळायचं. ते येताना एक लांबट पिशवी घेऊन आले. ओट्यावर बसून त्यांनी त्यातून काळ्या कांड्या काढल्या, एकात एक बसवल्या, लालनिळं कापड ताणलं, आणि पंख पसरलेल्या घारीसारखं काहीतरी ओट्यावर बसलं.

"छत्री का हो जावईबापू?" आबांनी विचारलं.

"पतंग आहे."

आबांनी चष्मा लावला. पतंगाला शेपूट नव्हतं, कागद नव्हता, आणि दोरे दोन होते. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला हातात अडकवायला एकेक पट्टा.

"दोन दोरे कशाला? एक कापला गेला तर दुसरा राहावा म्हणून?"

"नाही. एका हातात एक धरायचा. उजवा ओढला की पतंग उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे. गिरक्या घेतो. जमिनीलगत येऊन परत वर जातो."

"आन् काटतो कसा?"

"काटत नाही."

"मग करतो काय?"

जावईबापूंनी जरा विचार केला. "नाचतो," ते म्हणाले.

आबांनी चष्मा काढला. जावयाला घरात उलट बोलायची पद्धत नाही, म्हणून ते वहिनींना म्हणाले, "चहा टाक गं. साखर जास्त टाक."

पण आबांची बोटं त्या दोऱ्यांवरून फिरून आली होती. रात्री जेवताना ते अस्वस्थ होते. दोरा पांढरा, बारीक, गुळगुळीत, सगळं ठीक, पण कोरा. त्यावर काचेचा कण नाही. संक्रांतीला व्याही येणार, सगळे पाहुणे येणार, मळ्यामळ्यातून पतंग उडणार, आणि आपल्या घरचा जावई आकाशात कोरा दोरा घेऊन उभा राहणार?

दुसऱ्या दिवशी लेक-जावई त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेले. फाटक लागलं न लागलं तोच आबांनी चुलीवर सरस चढवला. माझी सुट्टी होती. मला बोलावून त्यांनी दोऱ्याचं एक टोक हातात दिलं.

"आबा, जावईबापूंले विचारून घ्यायचं का?" मी म्हटलं.

"काहून रे?" आबांनी माझ्याच बोलीत मला विचारलं. "मानपान कधी विचारून करतात का?"

मी टोक घट्ट धरलं. त्या परक्या दोऱ्याला लगदा धरेचना, इतका तो गुळगुळीत. आबांनी हट्टाने वरचेवर हात दिले. संध्याकाळपर्यंत दोन्ही दोरे गुलाबी होऊन कडुनिंबांमध्ये चमकत होते. इतका देखणा मांजा त्या भागात त्या वर्षी कुणाचाच नव्हता, हे आजही सांगतो.

सकाळी जावईबापूंनी गुलाबी दोरे पाहिले. एक बोटावर फिरवून बघितला. "छान झालाय रंग," ते म्हणाले.

शेवंतीच्या पलीकडच्या पडीक तुकड्यावर आम्ही सगळे गेलो. वारा बरा होता. मी पतंग धरून उभा राहिलो, जावईबापू मागे सरकले, दोन्ही हात ओढले, आणि पतंग सुसाट वर गेला. आवाज करत. आमच्या पतंगांना तसा आवाज नसतो. मग त्यांनी उजवा हात ओढला. पतंगाने एक मोठी गिरकी घेतली, आणि त्याबरोबर वर कुठेतरी दोन्ही दोऱ्यांचा एकमेकांभोवती एक पीळ पडला. या पतंगात तो पडायचाच असतो. गुळगुळीत दोरे एकमेकांवरून घसरतात आणि पतंग आपलं नाचणं चालू ठेवतो. इथे दोन्हींवर आबांची काच होती. जावईबापूंनी डावा हात ओढला, मग उजवा, आणि करवत चालल्यासारखं झालं. एक दोरा सुटला, लगोलग दुसराही. घार शांतपणे शेजारच्या द्राक्षबागेच्या तारांवर जाऊन पडली.

पलीकडच्या गच्चीवरून पतंग कटल्याची आरोळी आली, "गई बोला रे धिन्ना!"

आकाशात दुसरा एकही पतंग नव्हता.

आबांच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. आधी त्यांना अभिमान वाटला. "बघितलं? परदेशी दोरा हाय, पण टिकला नाय आपल्या मांज्यापुढं," असं ते बोलूनही गेले. मग त्यांची नजर लेकीकडे गेली. ती पदराशी चाळा करत खाली बघत होती. जावयाची हौसेची वस्तू सासऱ्याने मोडली होती, आणि तीही पहिल्या संक्रांतीला, व्याही यायच्या तोंडावर.

"जाऊ द्या आबा, दोरेच आहेत," जावईबापू म्हणाले. पतंग तारांवरून शाबूत निघाला होता, पण दोऱ्यांच्या उरलेल्या तुकड्यांना गाठी मारून चालण्यासारखं नव्हतं, काच सगळीकडे लागली होती.

आबा माझ्याकडे वळले. "तू दोऱ्यातलाच माणूस ना रे? बॅगा शिवतो. नवे होतील का?"

"हाव," माझ्या तोंडून निघालं. मी आयुष्यात विचार न करता बोललेला तो एकमेव शब्द असेल. आबांनी मान हलवली आणि जाता जाता म्हणाले, "बघू." ते पतंगाबद्दल म्हणाले की खोलीबद्दल, हे मी विचारलं नाही. 

जावईबापू भला माणूस. त्यांनी मला ओट्यावर बसवून काय लागतं ते सांगितलं. दोरा ताणला जाता कामा नये. बारीक असावा. गुळगुळीत असावा. आणि दोन्ही अगदी सारख्या लांबीचे, बोटभर फरक पडला तरी पतंग एकाच बाजूला पळतो. मी मान डोलावली आणि बाजारात जाऊन सगळ्यात जाड दोरा आणला. माझी समजूत अशी की जाड म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे माझी खोली सुरक्षित.

वहिनींनी तो हातात घेऊन बघितला. "पतंग बांधायचाय का बैल?"

जावईबापूही हसले. जाड दोरा वाऱ्याला अडतो, त्याच्या वजनानेच पोटात झोळ पडतो, मग इथे हात ओढला तरी तिथे काही पोचत नाही, असं म्हणाले. मग मी मासे धरायचा तंगूस आणला. तो बारीक, गुळगुळीत, पण रबराचा भाऊ. आंब्याला बांधून ओढून पाहिला. मी ओढत मागे जातोय, जातोय, आणि आंब्याला पत्ताच नाही. नंतर कारखान्यातला नायलॉनचा पिळाचा दोरा. तो सैल सोडला की स्वतःभोवती गुंडाळून गाठी करायचा. साधा सुती दोरा तर जावईबापूंनी दोन हातांत धरून टचकन तोडून दाखवला आणि वर "सॉरी" म्हणाले.

शेवटी कारखान्यातच सापडला. भारी बॅगांच्या हातशिलाईला आमच्याकडे पॉलिस्टरचा एक बारीक दोरा यायचा, पिळाचा नाही, मुलींच्या वेणीसारखा गुंफलेला. त्याला पीळ नसल्यामुळे तो उलटत नसे, आणि ओढला तर फार थोडा वाढे. मालकांना विचारलं. "पतंगाला? जावयाच्या?" त्यांनी रीळच काढून दिलं. जावई म्हटल्यावर नाशकात बरीच दारं उघडतात.

आता लांबी. मी टेप घेऊन पडीक तुकड्यावर एक दोरा मोजला, कापला. दुसरा मोजला, कापला. दोन्ही शेजारी धरले तर एक हातभर मोठा. परत मोजलं तर दुसराच मोठा. एकदा हात घट्ट, एकदा सैल, आणि मोजणारा मी. निम्मं रीळ वाया गेलं. संध्याकाळी वहिनी ओट्यावर लग्नाचे हार करत बसल्या होत्या, दिवसभर माझ्याकडे बघून त्यांना पुरेसं हसू आलं होतं. त्यांनी हाक मारली.

"भाऊजी, इकडं या. हे दोन हार बघा. एक नवरीचा, एक नवऱ्याचा. सारखे हायेत का?"

मी म्हटलं, सारखेच आहेत.

"असावेच लागतात. एक आखूड झाला तर नवऱ्याची आई म्हनती, आमच्या पोराला कमी दिलं. लग्नात हार मोजत्यात लोकं, डोळ्यांनी. मी कधी मोजते का टेपनं?"

त्या कशा करायच्या ते मला इतके दिवस समोर बसून दिसलं नव्हतं. त्यांच्या ओट्याच्या खांबाला एक खिळा होता. दोन्ही हारांचे दोरे त्या एकाच खिळ्याला अडकवायचे, एकाच वेळी, एकाच हाताने खाली ओढत आणायचे आणि टोकाला एकत्रच गाठ मारायची. म्हणजे सैल तर दोन्ही सैल, घट्ट तर दोन्ही घट्ट. आणि फुलं ओवायच्या आधी त्या दोऱ्यांना खाली ओल्या वाळूची पिशवी टांगून ठेवायच्या.

"ते काहून?" मी विचारलं.

"दोऱ्याला काय ताणायचं ते आधीच ताणून घ्यायचं. नायतर ओली फुलं चढली की हार दुपारपत्तोर गुडघ्याला येतो. नवरा फोटोत हार सावरत बसतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, "बघताय काय? उठा."

दुसऱ्या सकाळी फुलं बाजारात गेल्यावर त्या स्वतः आल्या. मळ्यामागच्या कडुनिंबाला एक खिळा ठोकला. दोन्ही दोरे त्याला अडकवून आम्ही पार विहिरीपर्यंत चालत नेले, त्या पुढे, मी मागून गुंता सोडवत. विहिरीवरची जुनी कप्पी अजून शाबूत होती. दोन्ही टोकं एका आडव्या काठीला बांधली, काठीला दोर, दोर कप्पीवरून आत, आणि त्याला पाण्याने भरलेली बादली. दिवसभर बादली लोंबत राहिली. मी कामावर होतो आणि तिथूनही मला ती दिसत होती. घरातलं कुणी पाणी काढायला गेलं तर वहिनी ओरडायच्या, "हात लावू नका, तो जावयाचा दोरा हाय!" संध्याकाळी काठी एका बाजूला जराशी कलली होती. एक दोरा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त ताणला गेला होता. तेवढाच कापला, पुन्हा एकत्र गाठ मारली, पुन्हा बादली. सकाळी काठी सरळ.

त्यात माझं म्हणण्यासारखं एकच होतं. बॅगेत दोरा तुटतो तो मध्ये नाही, जिथे गाठ असते किंवा जिथे तो कडीला घासतो तिथे. म्हणून मी बुटाच्या पोकळ नाडीचे तुकडे घेतले, त्यांच्या आतून दोऱ्याची टोकं ओवली, आणि गाठ त्या नाडीसकट मारली, म्हणजे बारीक दोरा स्वतःलाच कापणार नाही. वहिनी म्हणाल्या, "दोऱ्याला पायमोजे घातले का?" पण त्यांना ते आवडलं होतं, कारण त्यांनी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं.

उरला गुंडाळायचा प्रश्न. आबांनी स्वतःची सागवानी आसारी आणून पुढ्यात ठेवली. ती ते कुणाला हात लावू देत नसत. आता तिच्यावर गोल गोल गुंडाळलं की दोऱ्यात पीळ भरतो, आणि या दोऱ्यात पीळ नको होता. जावईबापू आबांना हे सांगायला धजेनात. मी तर मुळीच नाही.

वहिनी म्हणाल्या, "आबा, मीच गुंडाळते." आणि त्यांनी आसारीच्या दोन दांड्यांमध्ये, एकदा इकडून एकदा तिकडून, आठाच्या आकड्यासारखा दोरा फिरवला. लोकर गुंडाळतात तसा. जेवढा पीळ एका बाजूने पडतो तेवढा दुसऱ्या बाजूने सुटतो. आबांनी बराच वेळ बघितलं. "असं बायका गुंडाळत्यात," ते म्हणाले. पण आसारी त्यांचीच होती, म्हणून ती त्यांनीच उचलून आत नेऊन ठेवली.

संक्रांतीच्या दिवशी व्याही आले. सकाळी बायकांनी मुलीला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घातले, आणि जावईबापूंनाही सोडलं नाही. गळ्यात हलव्याचा हार, मनगटावर हलव्याचं घड्याळ, तिळावरचे पांढरेशुभ्र काटे एकेक शाबूत. त्यांची आई म्हणाली, "इतक्यात काढू नकोस हं, मामांनी अजून बघितलं नाही." मग सगळे मिळून पडीक तुकड्यावर आलो.

पतंग वर गेला आणि डावीकडे कलला. जावईबापूंनी सावरायचा प्रयत्न केला, तो आणखी डावीकडे गेला आणि झेंडूत डोकं खुपसून पडला. पुन्हा उडवला. पुन्हा डावीकडे, पुन्हा झेंडू. व्याही नम्रपणे दुसरीकडे बघू लागले. आबा पतंगाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"एक दोरा आखूड झाला वाटते," मी पुटपुटलो. माझ्या डोळ्यांपुढे गाडीचा डबा आला, खिडकी, मनमाडचा फलाट. सामान किती, ते बांधायला किती वेळ लागेल, इथपर्यंत मी पोचलो होतो.

वहिनी तिळगुळाचा डबा नणंदेच्या हातात देऊन पुढे आल्या. जावयाकडून दोन्ही पट्टे घेतले, मला म्हणाल्या, "तिकडची टोकं धरा." मी पतंगाकडची टोकं एकत्र धरली, त्यांनी इकडची. ताणून बघितलं. दोन्ही सारखे, तारेसारखे.

"दोरे सरळ हायेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "माणूस वाकडा हाय."

व्याह्यांनी वळून पाहिलं. जावयाला असं? मग त्यांनी नणंदेला हाक मारली. "ताई, तुमच्या मालकांचं घड्याळ काढा आधी. ते हलवा सांडंल म्हनून डावा हात छातीशी धरून उभे हायेत. पतंग बिचारा काय करंल?"

जावईबापूंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. खरंच तो हात पोटाशी आवळलेला होता, एखाद्या दुखऱ्या हातासारखा. आधी त्यांची आई हसली, म्हणून मग सगळ्यांना हसता आलं. घड्याळ निघालं. पुढच्या वेळी पतंग वर गेला तो सरळ. मग त्याने गिरकी घेतली, आणखी एक, दोऱ्यांचा पीळ पडला आणि दोरे एकमेकांवरून तेलावरून घसरावेत तसे घसरले. तो खाली आला, शेवंतीच्या शेंड्यांवरून सपकन गेला आणि परत उठला. पोरंसोरं किंचाळली. व्याही टोपी धरून वर बघत राहिले. तो खरंच नाचत होता. मी वर बघत नव्हतो, मी दोऱ्यांकडेच बघत होतो.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून एक हिरवा पतंग तिरका होत आमच्याकडे यायला लागला. आमचे दोरे कोरे. काचेच्या मांज्याने एकदा स्पर्श केला असता तरी संपलं. आबांनी धोतर खोचलं. मांज्याची दुसरी आसारी, पतंग, सगळं तयारच होतं. मिनिटभरात त्यांचा काळा पतंग वर होता, आणि हिरवा जिथे वळला तिथे काळा त्याच्या पुढ्यात. हिरवा कटला. मागून पिवळा आला, तोही कटला. सबंध दुपारभर जावईबापूंचा पतंग मध्ये नाचत होता आणि आबा त्याच्या भोवती पहारा देत होते. आयुष्यात इतके पेच लावायचं कारण त्यांना कुणी दिलं नव्हतं. संध्याकाळी त्यांची बोटं कापलेली होती आणि चेहरा लग्नघरासारखा.

चहाच्या वेळी व्याह्यांनी विचारलं, "हे दोरेसुद्धा जर्मनीहूनच आणले का?"

"नाय," आबा म्हणाले. "आमच्या मळ्यातले."

वहिनी कपबश्या उचलत होत्या. उचलता उचलता, अगदी सहज आठवल्यासारखं म्हणाल्या, "पर आबा, फुडच्या संक्रांतीला हे दोरे कोन करनार? भाऊजी तर चालले."

"कुठं चालले?"

"तुमच्या नळ्या येनार ना त्यांच्या खोलीत."

सगळ्या पाहुण्यांनी आबांकडे पाहिलं. जावईबापूंनीही पाहिलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच आबांना प्रश्न विचारला. "असं आहे का?" एवढंच ते म्हणाले. आबांनी बशीतला चहा संपवला. मिशा पुसल्या.

"नळ्यांचं काय," ते म्हणाले, "नळ्या पत्र्याखाली बी राहत्यात." मग माझ्याकडे बघून, "अन् तू कुलूप सारखं सारखं ओढू नको रे, तुटंल."

त्या खोलीत मी माझं लग्न होईपर्यंत राहिलो. पुढे दर संक्रांतीला जावईबापूंचे दोरे तपासायचे, घासलेले कापायचे, पुन्हा सारखे करायचे, हे काम माझ्याकडेच राहिलं. त्यांच्या मित्रांनीही नंतर तसे पतंग मागवले, त्यांचेही दोरे माझ्याकडे यायला लागले. आबा प्रत्येकाला सांगायचे, आमचा माणूस करतो. "आमचा माणूस" हे शब्द मी घरी फोनवर आईला सांगितले होते. तिला पतंगाचं काही कळलं नाही, पण तेवढं कळलं.

वहिनींना मी कधी पाहुणी म्हणून बसलेलं पाहिलं नाही. माहेर देवळ्याला. तिथे गेल्या तरी कांद्याच्या चाळीत निवडायला बसतात आणि दोन दिवसांत परततात, इथे फुलं थांबत नाहीत म्हणून. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, तुमच्याकडचा धान फुलावर येतो तेव्हा वास येतो का हो? मी म्हटलं, येतो, पहाटे. त्या म्हणाल्या, बघायला पाहिजे एकदा. आणि झेंडूचं पोतं उचलून निघून गेल्या. त्यांना ते आठवतही नसेल.

मला आठवतं. तर हे मी इथे लिहून देतो. एक दिवस धान फुलावर असताना मी वहिनींना आमच्या गावी नेईन. आईच्या दारातल्या बाजेवर त्यांना बसवीन, आई वाढेल आणि त्यांनी नुसतं जेवायचं. त्यांनी ओटा झाडायला, पाणी भरायला, कशालाही हात लावला तर मी लावू देणार नाही. त्या चिडतील, मला माहीत आहे. चिडू देत. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते देईन.